ओसरी आणि माजघर

दिवाळी हा घराचा सण. शिमग्याला माणूस चव्हाट्यावर जातो, आषाढीला पंढरीच्या वाटेला लागतो. दिवाळीला मात्र त्याने घरी यायचे असते. वसुबारस उजाडली की पुण्या-मुंबईकडे पोटासाठी गेलेली आमच्या बुलढाणा जिल्ह्यातली मंडळी एस.टी.च्या गर्दीत अंग चोरून परतू लागते. कोणी घाटावर उतरतो, कोणी घाटाखाली. पण उतरणाऱ्या प्रत्येकाला आपण कुठे जायचे ते ठाऊक असते. निदान आपण तसे गृहीत धरतो. हे गृहीत धरणे कितपत बरोबर आहे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

घरात असणे आणि घरचे असणे या दोन गोष्टी आपण व्यवहारात एकच समजतो. मराठी भाषा तसे समजत नाही. 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द तिने करून ठेवले आहेत, ते उगाच नव्हेत. 'आम्ही जेवायला बसतो' असे म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण जेवायला बसू' म्हटले की त्याचे पान मांडले जाते. एवढ्याशा फरकात माणसाचे सारे आयुष्य अडकून पडू शकते. ज्यांच्या वाट्याला जन्मभर 'आम्ही' आले आणि 'आपण' फारसे आलेच नाही, अशा माणसांनी घराविषयी काय म्हटले आहे, ते मराठी साहित्यात एकदा शोधून पाहावे, असे माझ्या मनात फार दिवस होते. त्याला जे कारण घडले ते आधी सांगतो.

चिखली तालुक्यातले आमचे घर जुन्या वळणाचे होते. पुढे ओसरी, ओसरीत बंगई, मग माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि वर एक माडी. माडीवर आमचे मधले काका राहत. त्यांनी लग्न केले नव्हते. खामगावचे त्यांचे एक मित्र दर दिवाळीला येत आणि भाऊबीजेपर्यंत राहत. आम्हा मुलांसाठी ते फुलबाज्या आणीत, काकांसाठी पुस्तके. रात्री उशिरापर्यंत माडीवर दोघांचे बोलणे चाले. वीस-बावीस वर्षे हा क्रम चुकला नाही. घरातल्या मोठ्या माणसांना काय कळले होते आणि काय कळून घ्यायचे नव्हते, ते मला सांगता येणार नाही. त्या नात्याला आमच्या घरात शब्द नव्हता, एवढे मात्र खरे.

सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी काका अचानक वारले. निरोप मिळताच त्यांचे मित्र आले. आमच्याकडे दहा दिवसांचे सुतक होते, आणि ते दहाही दिवस हे गृहस्थ गावातल्या देवळात उतरून रोज सकाळी आमच्या ओसरीवर येऊन बसत. पूर्वी जे न विचारता थेट माडीवर जात, त्यांना आता माजघराचा उंबरठा ओलांडायला कारण उरले नव्हते. आजीने मला सांगितले, "पाव्हण्याले चहा भायेरच दे." मी दिला. मी तेव्हा कॉलेजात मराठी घेऊन शिकत होतो; विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' वाचून त्यावर वाद घालण्याइतका शहाणा झालो होतो. मला समजत होते. तरीही "काका, आत या" हे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. तेराव्याला जवळच्या सगळ्यांना टॉवेल-टोपी झाली. त्यांना झाली नाही. ते गेले ते पुन्हा आले नाहीत.

म्हणून हा लेख म्हणजे नुसते रसग्रहण नाही. त्यात थोडा स्वतःशी हिशेबही आहे.

मराठी ललित साहित्याने घरावर उदंड प्रेम केले आहे. अंगण, तुळशीवृंदावन, देवघरातली समई, माहेरची वाट यांवर आपल्याकडे इतके लिहिले गेले आहे की तेवढ्यावर एक ग्रंथालय भरावे. त्यातले पुष्कळसे खरे आहे आणि सुंदरही आहे. पण ते बहुतेक माजघरात बसून लिहिलेले आहे. ज्याला आत जागा आहे त्याला घराची ऊब जाणवते. घराला भिंती आहेत हे ज्याला बाहेर उभे राहावे लागते त्याला अधिक जाणवते. तेव्हा घर म्हणजे काय हे पुरतेपणी समजून घ्यायचे असेल, तर ओसरीवरच्या माणसाची साक्ष काढायला हवी. ही साक्ष तपासताना मी एक अगदी साधा प्रश्न विचारीत गेलो: या माणसाला घरातली कोणती खोली मिळाली आहे?

या प्रश्नाचा उगम शोधायला मला जिल्ह्याबाहेर जावे लागले नाही. सिंदखेडराजाला लखुजी जाधवांचा वाडा आहे. जिजाऊंचे माहेर म्हणून सारा महाराष्ट्र तेथे माथा टेकतो. महाराष्ट्रातले सर्वांत वंदनीय माहेर आमच्या जिल्ह्यात आहे, याचा आम्हांला सार्थ अभिमान आहे. पण याच जिल्ह्याची आणखी एक लेक होती, जी माहेराबाहेर गेलीच नाही. आणि तिचे घर कोठे होते हे दाखवायला मात्र गावात सहसा कोणी पुढे होत नाही. ती म्हणजे ताराबाई शिंदे.

ताराबाईंचा जन्म १८५० चा, बुलढाण्याचा. वडील बापूजी हरी शिंदे हे येथल्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाशी त्यांचा संबंध होता. मुलींसाठी शाळा नसलेल्या त्या गावात बापाने लेकीला घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवले. पुढे तिचे लग्न केले तेही असे की जावईच सासऱ्याच्या घरी राहायला आला. घरजावयाची आपल्याकडे थट्टाच होते. पण त्या थट्टेच्या आड एक गोष्ट घडून गेली: एका मुलीला जन्माचे घर सोडावे लागले नाही. सासरी जाऊन नवे नाव, नवा देव, नवी भीती अंगवळणी पाडण्याची सक्ती तिच्यावर आली नाही. ताराबाईंच्या लेखणीत जो निर्भयपणा आहे त्याचे एक मूळ येथे असावे, असे मला वाटते. पायाखालची जमीन आपली असली म्हणजे आवाज चढवता येतो.

आणि त्यांनी तो चढवला. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर खटला झाला. दिवस गेल्यावर लोकलज्जेच्या धाकाने तिने नवजात अर्भक मारले होते. प्रथम फाशीची शिक्षा झाली, अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. वर्तमानपत्रांनी या निमित्ताने साऱ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले. त्याला उत्तर म्हणून ताराबाईंनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिले. १८८२ साली ते पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती निघाल्या अवघ्या पाचशे.

या छोट्या पुस्तकाचे वर्णन बहुधा स्त्रीमुक्तीचा जाहीरनामा म्हणून केले जाते. ते योग्यच आहे. परंतु समीक्षकाच्या नजरेने वाचताना मला त्यात आणखी एक धागा दिसतो. हे पुस्तक घराविषयी आहे. नवरा मेला म्हणून घर तेच राहते, भिंती त्याच राहतात, चूलही तीच असते. पण त्याच घरात काल जी लक्ष्मी होती ती आज अपशकुनी होते. तिची खोली बदलते. माजघरातून ती अंधाऱ्या कोपऱ्यात जाते. पुरुषाची बायको मेली तर त्याची खोली बदलत नाही. उलट नव्या बायकोसाठी ती सारवली जाते. ताराबाईंचा संताप या फरकावर आहे. घर हे तुझे नव्हे. एका पुरुषाशी असलेल्या नात्याच्या अटीवर तुला ते वापरायला दिले आहे, ही गोष्ट इतक्या उघडपणे मांडणारा निबंध त्याआधी मराठीत मला आढळत नाही. विशेष म्हणजे त्या काळच्या लोकप्रिय कथा-नाटकांत बायका कशा रंगवल्या आहेत, याचीही त्यांनी झाडाझडती घेतली. म्हणजे बुलढाण्याने मराठीला दिलेली ही बाई केवळ निबंधकार नव्हती, समीक्षकही होती. घरोघरच्या बोलण्यातली धारदार, ठसकेबाज भाषा तिने टीकेला दिली. ती भाषा आजही शिळी वाटत नाही.

पुस्तकाची संभावना मात्र आपण घरातल्या नकोशा माणसासारखी केली. जोतीरावांनी १८८५ साली 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची पाठराखण केली आणि टीकाकारांचा समाचार घेतला. त्यानंतर पुस्तक विस्मृतीत गेले. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले ते १९७५ साली, म्हणजे त्र्याण्णव वर्षांनी. तोवर मराठी वाङ्मयाच्या वाड्यात या पुस्तकाला ओसरीही मिळाली नव्हती. ताराबाईंनी दुसरे पुस्तक छापल्याचे आढळत नाही.

येथे कोणी आक्षेप घेईल की आपली परंपरा घर नसलेल्याला नेहमीच मान देत आली आहे, आणि त्याचा दाखलाही याच जिल्ह्यात आहे. खरे आहे. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावात देविदास पातुरकरांच्या घराबाहेर उष्ट्या पत्रावळीवरची शिते वेचून खाणारा एक दिगंबर पुरुष लोकांना दिसला. त्याचे गाव, कूळ, नाव कोणाला ठाऊक नव्हते. बंकटलालने त्याला घरी नेले, आणि आज त्या गजानन महाराजांच्या दर्शनासाठी लाखो लोक शेगावात येतात. ज्याला घर नव्हते, त्याला आमच्या जिल्ह्याने आपले दैवत मानले. ही साधी गोष्ट नव्हे.

पण या दोन गोष्टींत एक अंतर आहे, आणि ते पाहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. ज्याने घर सोडले त्याला आपण साधू म्हणतो. ज्याला घराने सोडले त्याला आपण नावे ठेवतो. पहिल्याच्या अंगावर वस्त्र नसले तरी चालते. दुसऱ्याच्या अंगावर कोणते वस्त्र आहे याची आपण चौकशी करतो. बंकटलालच्या कृतीतला चमत्कार मला आज निराळ्या ठिकाणी दिसतो. पाहुणा कोण आहे हे कळण्याआधी त्याने त्याला घरात घेतले. ते नंतर कळले. आपण नेमके उलट करतो: आधी सारे कळून घेतो, आणि कळल्यावर दार लावतो.

साऱ्या समाजांचेच गावकुसाबाहेर जगणे मराठीत आले ते दलित आणि भटक्या समाजांच्या आत्मकथनांतून. त्यांतले लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) येथे आठवते ते त्याच्या नावासाठी. कैकाडी समाजाचे बिऱ्हाड गाढवाच्या पाठीवर. फोक आणावेत, टोपल्या विणाव्यात, गाव उठवील तेव्हा उठावे. येथे 'कोणती खोली' हा प्रश्नच हास्यास्पद होतो. पण या पुस्तकाचे मोठेपण एवढ्यावर संपत नाही. आंतरजातीय विवाह केल्यावर लेखकाच्या वाट्याला आपल्या माणसांतही परकेपणा येतो. म्हणजे ज्यांना गावाने बाहेर ठेवले, त्यांनीही आपल्या पालापुढे एक ओसरी राखून ठेवलेलीच असते. वंचित माणूस आपोआप उदार होतो, हा भोळा समज 'उपरा'ने मोडून काढला. पुढच्या साऱ्या विचाराला ही सावधगिरी उपयोगी पडते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री, पुरुषावर प्रेम करणारा पुरुष, आणि शरीर एक सांगत असता मन दुसरे सांगते असा माणूस, यांची स्थिती विधवेहून किंवा कैकाड्याहून एका बाबतीत वेगळी असते. विधवेच्या दुःखात निदान दुसरी विधवा असते. कैकाड्याच्या पालात आई-बाप कैकाडीच असतात. या माणसाला मात्र स्वतःच्याच घरात आपल्यासारखे कोणी दिसत नाही. त्याच्यावर बहिष्कार पडलेला नसतो. तो पंगतीला बसतो, भाऊबीजेला ओवाळून घेतो, आईच्या पाया पडतो. तो घरात असतो. घरचा असतो का, एवढे त्याला कळत नाही; आणि ते विचारायची सोय नसते, कारण विचारले तर आहे तेही जाईल.

मराठी रंगभूमीने हा विषय प्रथम जोरकसपणे मांडला तो १९८१ साली, तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मध्ये. कथा त्यापूर्वीच्या काळातल्या पुण्याच्या महाविद्यालयीन जगाची. सुमित्रा देव, म्हणजे मित्रा, नमा नावाच्या मुलीवर प्रेम करते. रोहिणी हट्टंगडींनी साकारलेली मित्रा पाहिलेले प्रेक्षक आजही तिच्याविषयी आदराने बोलतात. माझा प्रश्न मी या नाटकाला विचारला तेव्हा उत्तर ठळक मिळाले: मित्राला खोली नाही. नमाला भेटायला तिला बापूची खोली उसनी घ्यावी लागते. तिची गोष्टसुद्धा तिची तिने सांगितलेली नाही; ती बापू सांगतो. उसनी खोली आणि उसना निवेदक, यांच्यामध्ये मित्रा उभी आहे.

या नाटकाचे धैर्य मी कमी लेखत नाही. १९८१ साली ते करणे सोपे नव्हते. तरीही त्यातले एक न्यून नोंदवले पाहिजे. मित्राचे स्वतःचे घर नाटकात जवळजवळ नाही. तिची आई, तिचे देवघर, तिचे ताट कोणते, हे आपल्याला कळत नाही. ती जणू एखाद्या वादळातून आली आणि वादळात गेली. प्रेक्षकाला तिच्याविषयी कणव वाटते. पण ही आपल्या आळीतली, आपल्या नात्यातली मुलगी असू शकेल ही जाणीव सुटून जाते. मी ते नाटक वाचून हळहळलो, आणि तरी काही काळाने ओसरीवर चहा नेऊन दिला. दोष नाटकाचा नाही, माझा आहे. पण शोकांतिकेने हळहळायला शिकवले तरी दार उघडायला शिकवले नाही, हेही खरे.

ते दार सचिन कुंडलकरांनी 'कोबाल्ट ब्लू' (२००६) या कादंबरीत किंचित किलकिले केले. पुण्यातले एक मध्यमवर्गीय घर. वरच्या खोलीत एक भाडेकरू येतो. घरातला मुलगा तनय आणि मुलगी अनुजा, दोघेही त्याच्या प्रेमात पडतात. पुढे अनुजा त्याच्याबरोबर निघून जाते आणि काही महिन्यांनी एकटी परत येते. पहिला भाग तनय सांगतो, दुसरा अनुजाच्या रोजनिशीचा. या रचनेत कादंबरीचे सारे मर्म आहे. अनुजाच्या पळून जाण्याने घर हादरते. पण हादरण्याची रीत घराला ठाऊक असते. रडणे, दोष देणे, समजूत घालणे, डॉक्टरकडे नेणे, पुन्हा उभे करणे, या सगळ्याला घरात शब्द आहेत. त्याच घरात, त्याच माणसासाठी, तनयचे काळीज तितकेच तुटलेले आहे. आणि त्याची विचारपूस कोणी करत नाही, कारण त्याचे काही तुटले आहे हेच कोणाला माहीत नाही. बदनामीलासुद्धा घरचे असावे लागते, हे विलक्षण सत्य या कादंबरीने कोणताही आवाज न चढवता सांगितले आहे. आणि खोली? मित्राला दुसऱ्याची खोली उसनी घ्यावी लागली; तनयला स्वतःच्याच घरातली भाड्याने दिलेली खोली तेवढी आपली वाटते. मला हे वाचताना आमची माडी आठवल्यावाचून राहिली नाही.

तृतीयपंथीयांचे घर मराठी वाचकाने आतून पाहिले ते लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्या 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' (२०१२) या वैशाली रोडे यांनी शब्दांकित केलेल्या आत्मकथनातून. ठाण्याच्या या लक्ष्मीला आई-वडिलांनी घराबाहेर काढले नाही, ही या पुस्तकातली सर्वांत क्रांतिकारक गोष्ट आहे. कारण बहुतेकींच्या वाट्याला ते येत नाही. त्यांना आसरा मिळतो तो गुरूकडे. आणि त्या समाजाच्या शाखांना शब्द कोणता आहे पाहा: घराणे. ज्यांना घराने नाकारले त्यांनी तोच शब्द उचलून त्याला गुरू, नानगुरू, चेला अशी नाती लावली. आई, मावशी, आजी नव्याने मांडल्या. घर ही माणसाची किती मूलभूत भूक आहे, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा? अर्थात 'उपरा'ने दिलेली सावधगिरी येथेही ठेवली पाहिजे. घराण्यालाही शिस्त आहे, उतरंड आहे, देणे-घेणे आहे. तेथेही सगळ्यांना माजघर मिळत नाही. लक्ष्मीचे पुस्तक या बाबतीत प्रामाणिक आहे. तिला दोन्ही हवे आहे, घरही आणि घराणेही. आणि ते मागताना ती संकोचत नाही.

या प्रवासातले अगदी अलीकडचे स्थानक म्हणजे रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' हा चित्रपट. २०२५ साली अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळाले, आणि त्याच वर्षी तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. मुंबईत नोकरी करणारा आनंद वडिलांच्या मृत्यूनंतर आईबरोबर मूळ गावी येतो. दहा दिवसांचे सुतक, नातेवाइकांची गर्दी, लग्नाचा लकडा, आणि बाळ्या नावाचा बालमित्र. कथानक एवढेच. कोणी किंचाळत नाही, कोणी विष घेत नाही. काटेरी साबराचे गोड बोंड एक माणूस दुसऱ्यासाठी आणतो, आणि त्यात सारे येऊन जाते.

काही जाणकारांना हा चित्रपट फार सौम्य वाटेल; गावात इतके शांतपणे काही घडत नाही असेही म्हणता येईल. मला तसे वाटत नाही. मित्राच्या शोकांतिकेने जे साधले नाही ते या सौम्यपणाने साधले आहे. आनंदची आई सगळे जाणते. ती भाषण करीत नाही, समाजाशी झगडा मांडत नाही. नातलगांच्या गर्दीत ती मुलाच्या बाजूला असते, इतकेच. माझ्या प्रश्नाचे उत्तर येथे प्रथमच बदलते. आनंदला मिळालेली खोली उसनी नाही, भाड्याची नाही; जेथे त्याची आई आहे तेथे त्याचे माजघर आहे. घर चार भिंतींचे नसते असे आपण सुभाषितासारखे म्हणत आलो. या चित्रपटाने त्याचा हिशेब करून दाखवला: घरात एक माणूस जाणते असले आणि जाणून घट्ट उभे राहिले, तर घर घर राहते. एक पुरते.

कायदाही या काळात बदलला आहे, आणि त्याचे ऋण मानले पाहिजे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांच्या ओळखीला मान्यता दिली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीने होणारे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा निकाल दिला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी मात्र समलिंगी विवाहाचा हक्क त्याच न्यायालयाने मान्य केला नाही. या मोठ्या निकालांच्या गजबजाटात ऑगस्ट २०२४ मधले एक छोटे पत्र अनेकांच्या नजरेतून सुटले. केंद्राच्या अन्न खात्याने राज्यांना कळवले की शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातले समजावे. साहित्याच्या लेखात रेशनकार्ड कशाला, असे कोणी म्हणेल. पण एका कार्डावर नाव असणे, एका चुलीवर शिजणे, हीच आपल्याकडची घराची सर्वांत जुनी व्याख्या आहे. सरकारी कागदाने 'आपण' हा शब्द वापरला आहे. आता तो घरांनी वापरायचा आहे. आणि ते काम कोणत्याही कचेरीच्या हाती नाही.

ताराबाईंपासून आनंदपर्यंत सुमारे दीडशे वर्षांचे हे अंतर चालून आल्यावर मला एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. या सर्व कृतींत घराविरुद्ध बंड करणारी माणसे आहेत असे वरवर दिसते. नीट वाचले तर तसे नाही. ताराबाईंना घर मोडायचे नव्हते. विधवेला त्यात पहिल्यासारखी जागा हवी होती. तनयला घर सोडायचे नव्हते. त्याला विचारपूस हवी होती. लक्ष्मीला आई-वडील हवे आहेत. आनंद तर बापाच्या दुःखासाठीच गावी आला आहे. घरावर या माणसांचे प्रेम आपल्याहून कमी नाही. कदाचित अधिक आहे, कारण आपल्याला ते फुकट मिळाले आणि त्यांना ते मागावे लागले. अशी माणसे घरे बुडवतात असे जे म्हणतात, त्यांनी ही पुस्तके वाचलेली नाहीत.

आमचे ते घर आता नाही. त्या जागी सिमेंटचे घर उभे आहे. त्याला ओसरी नाही, माडी नाही, बंगईही नाही. 'साबर बोंडं' पाहून आल्यावर मी खामगावला चौकशी केली. काकांचे मित्र वारून बरीच वर्षे झाली, असे कळले. शेवटी त्यांच्याजवळ कोण होते, हे सांगणारे कोणी भेटले नाही. त्यांचे नाव मी येथे लिहीत नाही. तो अधिकार त्या दहा दिवसांत मी गमावून बसलो.

परंतु दिवाळीच्या अंकात हा मजकूर वाचणारी घरे उभी आहेत. फराळाची ताटे मांडली जात असतील, बाहेरगावाहून माणसे आली असतील. कोणाबरोबर एखादा मित्र आला असेल, एखादी मैत्रीण आली असेल. नाते विचारावे की न विचारावे, अशी घरात थोडी कुजबुजही झाली असेल. विचारू नका असे मी म्हणत नाही. बंकटलालचा क्रम तेवढा लक्षात असू द्या: आधी घरात घ्यायचे, कोण ते मागाहून कळते. मला ते दोन शब्द वेळेवर म्हणता आले नाहीत. पस्तीस वर्षे उशिरा येथे लिहून ठेवतो: आत या.